पेटीचं दार घट्ट बसतं

२ फेब्रुवारी, सोमवार

आज घरात मोठी बातमी. गावाबाहेर टेकडीवर ज्येष्ठ मंडळींचा निवास आहे, तिथला आचारी अचानक सोडून गेला. तिथल्या मेट्रनबाईंनी कुणाच्या तरी घरी हिच्या हातचं खाल्लं होतं, त्यांनी हिला बोलावून घेतलं. २ मार्चला एक दिवस सगळ्यांचं दुपारचं जेवण करून न्यायचं. पसंत पडलं तर रोजचं काम हिच्याकडे. अट एकच, जेवण गरमागरम पोचलं पाहिजे.

ही वर्षभर चार घरचे डबे करतेय, त्यामुळे हिला आभाळ ठेंगणं झालं. मेहुणी तर नाचलीच. मेहुणी म्हणजे हिची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते, स्वयंपाकात हिला मदत करते आणि उरलेल्या वेळात मला विरोध. दोघी लगेच मेनू ठरवायला बसल्या. मी विचारलं, पण हे सगळं टेकडीवर न्यायचं कशातून? मग ही म्हणाली, भांड्यांच्या दुकानात गरम ठेवायच्या पेट्या मिळतात की, उद्या जाऊन घेऊन येते.

उद्या जाऊन घेऊन येते! तीस वर्षं खरेदी विभागात काढलेल्या माणसाच्या घरात हे वाक्य. मी शांतपणे सांगितलं, पेटीचं खातं माझ्याकडे. मागच्या वर्षी कंपनीने आमचा विभाग बंद करून सगळं काम कॉम्प्युटरला दिलं, पण अनुभव काही कॉम्प्युटरकडे गेला नाही. तो इथे या सोफ्यावर आहे.

मेहुणी म्हणाली, हो, बरेच महिने आहे.

दुर्लक्ष केलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

स्पेसिफिकेशन लिहायला घेतलं. सकाळ शीर्षकातच गेली. 'उष्ण व शीत खाद्यपदार्थांच्या वहनासाठी उष्णतारोधक पेटी.' वाचायला भारदस्त वाटतं. दुपारी जरा पडलो.

पडल्या पडल्या एक मूलभूत विचार सुचला. मेनूत सूप, भात, भाजी गरम आणि शेवटी कस्टर्ड थंड. या दोघी धरून चालल्यात की दोन पेट्या लागणार. पण उष्णतारोधक म्हणजे काय? जी उष्णतेला अडवते ती. गरम असेल तर आतली उष्णता बाहेर जात नाही, थंड असेल तर बाहेरची आत येत नाही. मग दोन्ही एकाच पेटीत का नाही? एका दगडात दोन पक्षी. कंपनीत असतो तर या कल्पनेला बक्षीस मिळालं असतं.

हिला समजावून सांगितलं. ही कांदा चिरत होती, डोळ्यांत पाणी होतं. मेहुणी म्हणाली, भावोजी, मग फ्रिज विकून टाकू या, दूध शेगडीशेजारीच ठेवत जाऊ. तिला विज्ञानाचं अंग नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

बाजार सर्व्हे. पाय दुखतात.

पहिल्या दुकानात नुसत्या पिशव्या. आतून चंदेरी, बाहेरून गादीसारख्या, वर चेन. असल्या पिशवीतून जेवण नेणं म्हणजे उशीच्या अभ्र्यातून नेण्यासारखं. मी लेटरहेडवर कोटेशन मागितलं. दुकानदार म्हणाला, किंमत पाटीवर लिहिलीय साहेब, तेच कोटेशन. मी विचारलं, जास्त नग घेतले तर? त्याने उत्साहाने विचारलं, किती घेणार? एक, म्हटलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्या दुकानात कडक पेट्या. तिथल्या माणसाने दोन पेट्यांत उकळतं पाणी भरून ठेवलं होतं, गिऱ्हाइकांना दाखवायला. मी हाताने तपासलं. पहिली बाहेरून गार. ही काय दुसऱ्याला गरम ठेवणार! दुसरी, साधीशी, पण बाहेरून मस्त ऊबदार. लगेच निवड केली. दुकानदार सारखं पहिलीच घ्या म्हणत होता. नको असलेला माल गळ्यात मारायची यांची रीत मला ठाऊक आहे. तिचा नाद सोडून दुसरी पेटी ट्रायलसाठी घरी आणली.

मेहुणी म्हणाली, भावोजी, बाहेरून गरम लागतेय म्हणजे आतली गरमी बाहेर चाललीय. मी म्हटलं, ताप आलेल्या माणसाचा ताप कसा कळतो? कपाळाला बाहेरूनच हात लावतात ना? तिने स्वतःच्याच कपाळाला हात लावला.

८ फेब्रुवारी

पाठ धरली. पेटी उचलताना असणार. आराम.

११ फेब्रुवारी, बुधवार

तुलनात्मक तक्ता तयार. पण कोटेशनं दोनच, त्यातलं एक पाटीवरचं. तीन असल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा नियम मीच तीस वर्षं पाळला.

हिने विचारलं, पेटीचं कुठपर्यंत आलं? मी म्हटलं, प्रक्रियेत आहे. ऑफिसात हे ऐकलं की लोक समाधानाने निघून जायचे. ही गेली नाही. तिथेच उभी राहिली, हातात झारा घेऊन.

ठराव: उद्यापासून रोज सकाळी दोन तास फक्त पेटी.

१२ फेब्रुवारी

सकाळी चष्मा सापडला नाही. दोन तास त्यातच गेले. पेटीवरच होता, म्हणजे तसं पाहिलं तर ठराव पाळला गेला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ट्रायल. ऊबदार पेटीत मध्ये पुठ्ठा उभा केला. डावीकडे उकळतं सूप, उजवीकडे फ्रिजमधलं कस्टर्ड. टेकडीपर्यंत जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बंद ठेवून उघडली.

निष्कर्ष: दोन्हींचं तापमान सारखं. पेटी कुणाशी पक्षपात करत नाही. सूप कोमट, कस्टर्ड कोमट, पुठ्ठा भिजून सुपात. मेहुणीने दोन्हीत चमचा बुडवून बघितलं आणि म्हणाली, आता एकाच वाटीत वाढा, घासायला भांडी तरी कमी पडतील.

हिने पेटी घासून, पुसून, उन्हात ठेवली आणि म्हणाली, ही परत करून या. मी म्हटलं, अपयश ही यशाची पहिली पायरी. ही म्हणाली, तुमचा जिना फार लांबलाय.

१८ फेब्रुवारी, बुधवार

घरात घाई सुरू झालीय. हिने डब्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, मार्चपासून तुमची दुसरीकडे सोय बघा. मेहुणीने औषधांच्या दुकानातली काउंटरवरची नोकरी सोडली. अजून एक दिवसाची परीक्षासुद्धा झालेली नाही! मी दोघींना समजावलं की हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. ही म्हणाली, टेकडीवरचं काम मिळालं तर ते रोजचं आहे, आणि डबे सांभाळून ते व्हायचं नाही, कुठेतरी उडी मारावीच लागते. मग म्हणाली, चवीची मला भीती नाही हो, फक्त ते वर गरम जाऊ दे.

म्हणजे सगळं माझ्या खात्यावर येऊन ठेपलंय. बरं वाटलं. वर्षभरात माझ्यावर काहीच अवलंबून नव्हतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मिळाली!

हॉटेलांचं जुनं-नवं सामान विकणारं दुकान आहे, तिथे कोपऱ्यात उभी होती. करड्या रंगाची, जाड भिंतींची, माझ्या कमरेएवढी. दार समोरून उघडतं, आत दोन्ही बाजूंना खाचा, त्यांत ट्रे सरकवायचे. दाराला जाड रबराची किनार आणि चार दणकट कड्या. बघताक्षणी कळलं, हिला म्हणतात पेटी.

दुकानदाराने दार उघडून, मिटून दाखवलं. दारावर मधोमध एक काळं बूच आहे. तो म्हणाला, साहेब, गरम माल भरला की हे बूच जरा सैल सोडायचं. मी विचारलं, नाही सोडलं तर? तो म्हणाला, अहो, मग दार असं घट्ट बसतं म्हणून सांगू! वर त्याने दोन्ही मुठी एकमेकींत आवळून दाखवल्या.

म्हणजे मुख्य गुण त्याने असा जाता जाता सांगितला. बूच बंद असेल तर दार घट्ट बसतं. मोठमोठ्या कंपन्या जाहिरातीत पहिल्या ओळीत लिहितील असली गोष्ट. या लोकांना स्वतःच्या मालाची किंमत नसते.

तिसरं कोटेशन न घेता जागेवर खरेदी केली. नियमाला आणीबाणीत अपवाद असतो, आणि अपवाद कधी करायचा हे अनुभवाने कळतं.

२० फेब्रुवारी

पेटी स्वयंपाकघराच्या दारातून आत जात नाही. आडवी केली, तिरकी केली, शेवटी दाराची चौकट जरा सोलली. सध्या दिवाणखान्यात सोफ्यासमोर ठेवलीय. टीव्हीचा वरचा अर्धा भाग दिसतो.

स्पेसिफिकेशनमध्ये सगळं होतं, लांबी-रुंदी तेवढी राहिली होती.

मेहुणी म्हणाली, ही स्कूटरवर कशी न्यायची भावोजी? स्कूटर ठेवायची का हिच्यात? टेम्पो ठरवायला लागणार. वाहतुकीत वाहन लागतंच, यात नवल काय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पेटीची पहिली ट्रायल. आत उकळत्या पाण्याची दोन पातेली. कड्या लावल्या. बूच दुकानातून आणल्यापासून सैलच होतं, मी हात लावला नव्हता. थोड्या वेळाने त्यातून वाफ यायला लागली. बारीक शिट्टीसारखा आवाज, वर धुरासारखी रेघ.

मी ते बघतच राहिलो. मग स्वयंपाकघरात जाऊन हिला सगळं सविस्तर सांगितलं. वाफ म्हणजे काय, एवढीशी वाफ आपल्याबरोबर किती उष्णता घेऊन जाते, इंजिनं कशी चालायची, पेटीत वाफ राहिली तर सूप किती वेळ गरम राहील. ही कणीक मळत होती. मेहुणी दोनदा बाहेर जाऊन आली तरी माझा विषय चालूच होता. शेवटी ही म्हणाली, अहो, उगाच वाफ दवडू नका.

मी चाट पडलो. ही कधी पदार्थविज्ञान शिकली नाही, पेटीकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं, तरी नेमक्या दोषावर बोट ठेवलं! इतकी वर्षं संसार केला की काही गुण लागतोच.

निर्णय: वाफ दवडायची नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बूच घट्ट आवळलं. तेवढ्यावर माझं समाधान होईना. टेम्पोच्या धक्क्यांनी सैल झालं तर? नळ गळतो तेव्हा प्लंबर दोन रंगांचा मसाला एकत्र मळून लावतात, तो घेऊन आलो. बुचावर चांगला जाड थापला, बोटाने गुळगुळीत केला. वाळल्यावर दगड झाला. आता वाफेच्या बापाची बिशाद नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मेहुणी म्हणते, पुन्हा एकदा पाणी उकळून भरून बघा. मी नकार दिला. एक तर ट्रायल झालेली आहे. दुसरं म्हणजे, सारखी ट्रायल घेणं हा मालावर अविश्वास आहे. तिसरं कारण तिला सांगितलं नाही, पाठ अजून दुखते.

तरी तिच्या समाधानासाठी दार दहा-बारा वेळा उघडून-मिटून दाखवलं. रिकाम्या पेटीचं दार लोण्यासारखं उघडतं.

१ मार्च, रविवार

उद्याची तयारी. शर्टाला इस्त्री केली. मेट्रनबाईंना पेटीची माहिती कशी द्यायची त्याचे मुद्दे काढले. पुढेमागे निवासाच्या बाकीच्या खरेदीतही सल्लागार म्हणून बोलावतील. आपण होऊन विषय काढायचा नाही, त्यांनी काढला तर मात्र नाही म्हणायचं नाही.

भाज्या निवडता निवडता हिने मध्येच विचारलं, अहो, सगळं नीट होईल ना? मी म्हटलं, वाफेचा कण बाहेर जाणार नाही. हिने मान हलवली. हिचा माझ्यावर विश्वास आहे, हे अशा वेळी दिसतं.

२ मार्च, सोमवार, सकाळ

भरली. सूप, भात, भाजी, सगळं शेगडीवरून थेट ट्रेमध्ये. ही पहाटे उठली होती, तरी चेहरा टवटवीत. कस्टर्डसाठी दोघींनी माझ्या नकळत बर्फाची बादली केलीय. आजच्या दिवशी वाद नको म्हणून बोललो नाही.

चारी कड्या लावल्या. शिट्टी नाही, रेघ नाही, काही नाही. मी टेम्पोत पेटीबरोबर, दोघी कस्टर्ड घेऊन स्कूटरवर मागून येणार. टेम्पोवाल्याला उष्णता कशी पसरते ते सांगायला घेतलं तर त्याने रेडिओ लावला. निघतो.

२ मार्च, संध्याकाळ

जेवण गरम पोचलं. हे सगळ्यांत आधी लिहून ठेवतो, कारण घरात हा मुद्दा सध्या कुणी ऐकून घेत नाही.

वेळेआधी पोचलो. जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, मंडळी गळ्याला नॅपकिन बांधून बसलेली. मेट्रनबाई स्वतः हजर. उंच, चष्म्याआडून बघणाऱ्या. मी मुद्द्यांप्रमाणे दोन शब्द बोललो. मंडळी जेवणाची वाट बघत असल्यामुळे टाळ्या झाल्या नाहीत. मग कड्या काढल्या आणि दार ओढलं.

दार आलं नाही.

हसून पुन्हा ओढलं. मग न हसता. टेम्पोवाल्याने ओढून बघितलं. मग मी पेटीला मागून मिठी मारली आणि टेम्पोवाला आणि तिथला वॉचमन पुढून ओढायला लागले. पेटी मला घेऊन फरशीवरून पहिल्या टेबलापर्यंत गेली, दार केसभर हललं नाही. एका आजोबांनी मोठ्याने विचारलं, आत कोण अडकलंय? शेजारच्या आजी म्हणाल्या, आपलं जेवण. आजोबा म्हणाले, मग आतून कडी लावली असेल त्याने.

कुणीतरी ताटावर चमचा वाजवला. मग सगळ्यांनीच वाजवला. या वयातही तालाला मंडळी पक्की.

तेवढ्यात दोघी पोचल्या. मेहुणीने गर्दीतून वाट काढत थेट बुचाला हात घातला. बूच होतं कुठे? तिने माझ्या मसाल्यावर नख मारून बघितलं, चमच्याच्या दांड्याने ठोकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पक्कं आहे. ती म्हणाली, दिसतंय.

ही एक खुर्ची ओढून पेटीसमोर बसली. हात मांडीवर ठेवून नुसती त्या दाराकडे बघत होती. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, काळजी करू नकोस, आत काहीही गार होत नाहीये. हिने माझ्याकडे बघितलं नाही, ते एका परीने बरंच झालं.

शेवटी मेट्रनबाईंनी दूध आणि पाव मागवला. मंडळींनी पाव खाल्ला, त्यावर हिचं कस्टर्ड खाल्लं. कस्टर्ड मागून मागून खाल्लं, वाट्या बोटांनी पुसून खाल्लं. मग सगळे दुपारच्या झोपेला गेले.

हॉल रिकामा झाल्यावर मेहुणीला सुचलं, तिने टेम्पोतला स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि रबराच्या किनारीत खुपसून पिरगळला. फुस्स असा लांब आवाज झाला. दार आपसूक उघडलं. वाफेचा असा लोट आला की माझ्या चष्म्याला काही दिसेना. सूप जसंच्या तसं! मी आनंदाने म्हटलं, मॅडम, बघा, अजून उकळतंय. मेट्रनबाईंनी एक चमचा तोंडात घातला. त्या काहीच बोलल्या नाहीत. जीभ भाजली होती.

नंतर तिथल्या नोकरमाणसांनी आणि मेट्रनबाईंनी जेवण घेतलं. मी टेम्पोजवळ थांबलो. पेटीला एकटं सोडणं बरं नव्हे.

३ मार्च, मंगळवार

कालपासून ही माझ्याशी कामापुरतंच बोलते. काम काही नाही.

मेहुणी आली. तिने उलटतपासणी घेतली. दुकानदाराने बुचाबद्दल काही सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, सांगितलं होतं ना, बंद ठेवलं तर दार घट्ट बसतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग खाली बसून हसायला लागली. हसता हसता म्हणाली, भावोजी, बसतं म्हणजे अडकून बसतं! तो धोका सांगत होता, कौतुक नव्हता करत. गरम वाफ आत कोंडली, निवायला लागली, की दार आतून ओढून धरते. मी म्हटलं, मग त्याने अडकतं असं स्पष्ट मराठीत सांगायला हवं होतं. आणि वाफ दवडू नका हे तर तुझ्या ताईनेच सांगितलं.

तेव्हा ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. कालपासूनचं पहिलं पूर्ण वाक्य बोलली. म्हणाली, मी तुमच्या तोंडाची वाफ म्हणत होते.

मेहुणीचं हसू थांबलं. ही परत आत गेली. नंतर आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. डब्याची गिऱ्हाइकं तर आधीच दुसरीकडे गेलीत.

मला वाईट वाटलं. पण तांत्रिकदृष्ट्या पेटीने आपलं काम केलं, हे सत्य बदलत नाही.

४ मार्च

ठराव: पुढच्या वेळी दुकानदाराचं म्हणणं लेखी घ्यायचं.

पुढची वेळ येईल का, हा वेगळा प्रश्न.

६ मार्च, शुक्रवार

मेट्रनबाईंचा फोन! काम मिळालं! सोमवारपासून रोज!

फोन हिने घेतला. मी शेजारीच उभा होतो, खुणेने सांगत होतो की तांत्रिक प्रश्न आले तर मला दे. आले नाहीत. ही नुसती हो, हो, अगदी, चालेल, असं म्हणत होती. शेवटी फोन ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मेहुणीच्या गळ्यात पडली. मंडळींनी दोन दिवस कस्टर्डवाल्या बाई कधी येणार म्हणून निवास डोक्यावर घेतला होता म्हणे. आणि मेट्रनबाई म्हणाल्या, भाजी तर अशी होती की भाजलेल्या जिभेलाही कळली.

म्हणजे जेवण गरम होतं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने मान्य केलं. मी दोघींना हे दाखवून दिलं. दोघी मिठाईचा डबा शोधत होत्या.

संध्याकाळी दोघी बाजारात गेल्या आणि दोन साध्या पेट्या घेऊन आल्या. एक गरमाला, एक गाराला. मी विचारलं, किती दुकानं बघितलीत? एक. कोटेशन? मेहुणी म्हणाली, भावोजी, मी स्कूटर बंदसुद्धा केली नव्हती.

अशी बेशिस्त खरेदी. पण आनंदाच्या दिवशी बोललो नाही. हिशेबाने बघता यश माझ्या खात्याचंच आहे. सोमवारसाठी नव्या पेट्यांच्या वाहतुकीचं वेळापत्रक करायला घेतलंय. कोण कुठे धरणार, दार कोण उघडणार, मेट्रनबाईंशी कोण बोलणार. शेवटची दोन कामं माझ्याकडे ठेवलीत.

८ मार्च, रविवार

करडी पेटी विकायला काढायची असं ही म्हणाली. मी म्हटलं, थांब, आधी स्पेसिफिकेशन लिहितो. ही म्हणाली, दार उघडत नाही एवढं लिहा.

शर्टाला इस्त्री करून ठेवली.

९ मार्च, सोमवार

कामाचा पहिला दिवस. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वेळापत्रक खिशात ठेवलं. दोघींनी पेट्या भरून स्कूटरला बांधल्यासुद्धा होत्या. मी चपला घालायला लागलो. ही म्हणाली, अहो, तुम्ही कुठे? मी म्हटलं, वाहतूक.

हिने पेटीची दोरी पुन्हा एकदा आवळली. मग म्हणाली, फोनवर मेट्रनबाईंनी एक अट घातलीय. पेटीबरोबर ते गृहस्थ नकोत.

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? मला वाटलं, निदान विचार करून सांगते म्हणाली असेल. एवढ्या वर्षांच्या संसारात माणूस तेवढं तरी म्हणतो.

ही म्हणाली, लगेच हो म्हटलं.

मेहुणी हसली नाही. स्कूटरच्या आरशात बघत राहिली. ती हसली असती तर बरं झालं असतं, मग मला रागावता आलं असतं. ही म्हणाली, ओट्यावर ताट झाकून ठेवलंय, वेळेवर जेवा. मग दोघी गेल्या. मी दारात उभा राहिलो. वळणावर ही एकदा मागे बघेल असं वाटलं, पण हिचा एक हात पेटीवर होता आणि लक्ष तिकडे होतं.

दुपारी ताट उघडलं. टेकडीवर गेलं तेच जेवण, सूप, भात, भाजी. सगळं गार झालं होतं. तसंच जेवलो. एवढे दिवस हे जेवण कशातून न्यायचं याचाच विचार केला, खाऊन आज पहिल्यांदा बघितलं. भाजी फार सुंदर झाली होती. हे सांगायला घरात कुणी नव्हतं.